दीर्घकालीन मूत्रपिंडविकारातील अंतःस्तरहानीचे निदर्शक

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार झालेल्या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला, म्हणजे अंतःस्तराला, पोहोचलेली हानी दाखवणारे रक्तातील व लघवीतील घटक अंतःस्तरहानीचे निदर्शक म्हणून ओळखले जातात. मूत्रपिंडांतील बिघाड किंवा घटलेली गाळणक्षमता (मिनिटाला ६० मिलिलिटरहून कमी) तीन महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास विकार दीर्घकालीन मानतात. अशा रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे रोग हे आहे. त्यामुळे अस्तराची अवस्था वेळीच कळणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

अंतःस्तर हा एकाच पेशीच्या जाडीचा थर असून तो दीर्घकाळ निव्वळ आवरण समजला जात असे. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट व जॉन झवाड्स्की यांनी सशाच्या महारोहिणीवरील प्रयोगांतून दाखवले, की ॲसिटिलकोलीनमुळे रोहिणी सैलावण्यासाठी हा थर शाबूत असावा लागतो. तो घासला गेला तर रोहिणी सैलावत नाही. सैलावणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे सिद्ध झाले. या संशोधनासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंड निकामी होऊ लागल्यावर इंडॉक्सिल सल्फेटसारखी विषद्रव्ये रक्तात साठतात. त्यांच्या जोडीला उच्च रक्तदाब, दाह आणि अनेकदा मधुमेहही असतो. या सर्वांचा मारा अंतःस्तरावर होतो.

प्रमुख निदर्शक

असममित डायमिथिलआर्जिनीन (एडीएमए) हा नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीत अडथळा आणणारा, शरीरातच तयार होणारा पदार्थ आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत तो साठत असल्याचे पॅट्रिक व्हॅलन्स व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले. तो केवळ हानीची खूण नसून स्वतःही हानीस हातभार लावतो, म्हणून त्याचे स्थान वेगळे मानावे लागते. रक्तशोधनावरील रुग्णांत त्याच्या वाढीव पातळीचा मृत्यूच्या अधिक जोखमीशी संबंध आढळला आहे.

फॉन विलेब्रांट घटक अंतःस्तरपेशींतील वायबेल–पॅलाडे पिंडांत साठवलेला असतो व पेशी उद्दीपित झाली की रक्तात उतरतो. मात्र 'ओ' रक्तगटाच्या व्यक्तींत तो मुळातच कमी असतो आणि कोणत्याही तीव्र दाहात वाढतो. पांढऱ्या पेशींना चिकटण्यास मदत करणाऱ्या रेणूंपैकी ई-सिलेक्टीन प्रामुख्याने अंतःस्तरातच तयार होते. इतर काही रेणू अन्य पेशींतूनही येतात. पेशीपृष्ठावरील शर्करायुक्त लव झिजल्यास सिंडिकॅन-१ रक्तात आढळते. अस्तरापासून सुटलेल्या अखंड पेशीही रक्तात सापडतात, पण त्या फार विरळ असल्याने मोजणे कष्टाचे असते.

लघवीतील अल्ब्युमीन

या सर्वांत रोजच्या वैद्यकात रुळलेली चाचणी लघवीतील अल्ब्युमिनाचीच आहे. क्रिएटिनिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक अल्ब्युमीन असामान्य मानतात. १९८९ साली डेन्मार्कमधील टॉर्स्टेन डेकर्ट व सहकाऱ्यांनी असे गृहीतक मांडले, की मधुमेहींत अल्ब्युमीन झिरपणे हे फक्त मूत्रपिंडाचे नव्हे, तर सर्व शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या हानीचे लक्षण आहे. तथापि गाळणीत अंतःस्तराखेरीज पोडोसाइट पेशींचाही वाटा असतो. त्यामुळे अल्ब्युमीन झिरपले म्हणजे दोष अस्तराचाच, असे म्हणता येत नाही.

अर्थ लावण्यातील अडचण

निदर्शक वाढला म्हणजे हानी वाढली, हा निष्कर्ष या रोगात सरळ काढता येत नाही. अनेक लहान रेणू मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. गाळण मंदावली, की हानी तेवढीच असूनही त्यांची रक्तातील पातळी चढते. विद्राव्य थ्रॉम्बोमोड्युलिनाबाबत हा प्रश्न विशेष जाणवतो. एडीएमएचा जुळा रेणू, सममित डायमिथिलआर्जिनीन, तर मुख्यतः लघवीवाटेच उत्सर्जित होत असल्याने तो अस्तरापेक्षा गाळणक्षमतेचाच आरसा ठरतो. याउलट एडीएमएचा बहुतांश भाग एका विकराद्वारे विघटित होतो. ऑक्सिडीकरणाच्या ताणाने त्या विकराची क्रिया मंदावते. फॉन विलेब्रांट घटकाचे रेणू इतके मोठे असतात, की ते गाळले जात नाहीत. या एका बाबतीत त्याचा अर्थ लावणे सोपे जाते.

म्हणून संशोधनात रक्तातील मोजमापांसोबत अस्तराचे प्रत्यक्ष कार्यही तपासतात. त्यासाठी हाताला सुमारे पाच मिनिटे पट्टा आवळून रक्तप्रवाह रोखतात आणि तो सोडल्यावर बाहूतील रोहिणी किती रुंदावते हे ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजतात. निरोगी अस्तर वाढलेल्या प्रवाहाला नायट्रिक ऑक्साइड सोडून प्रतिसाद देते. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात हे रुंदावणे कमी आढळते.