वारसिया आणि दांडिया बाजार

मंडळाच्या बैठकीत वारसियाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "सिंधी मंडळी आपापल्यातच राहतात." दांडिया बाजारात जन्म काढलेल्या मराठी माणसाने हे म्हणावं, याची मला गंमत वाटते. पण प्रश्न खरा आहे. फाळणीनंतर आलेली ही माणसं शहरभर विखुरली का नाहीत?

पंजाब आणि बंगाल यांची वाटणी झाली. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला पूर्व पंजाबात आपल्या भाषेचा मुलूख मिळाला, सिंधी माणसाला एक जिल्हाही उरला नाही. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग लोंढेच निघाले. कोणी बोटीने मुंबईला आणि काठियावाडच्या बंदरांत उतरले, कोणी रेल्वेने राजस्थानमार्गे आले.

पुढे कुठे राहायचं हे बहुतेकांनी स्वतः ठरवलंच नाही. मी पेशाने इंजिनीअर, त्यामुळे वस्ती बघताना आधी पाणी आणि रस्ता कुठे होता ते बघतो. कल्याणजवळ महायुद्धातली लष्करी छावणी मोकळी पडली होती. बराकी, रस्ते, पाणी तयार आणि रेल्वे जवळ. सरकारने माणसं तिथे नेली. १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं. तिथल्या भागांना लोक आजही कॅम्प नंबर एक ते पाच असंच म्हणतात. अहमदाबादेत कुबेरनगर तसंच बराकींतून उभं राहिलं. कच्छात महारावांनी दिलेल्या १५,००० एकर जमिनीवर भाई प्रताप यांनी गांधीधाम वसवलं. आपल्या बडोद्यात वारसिया.

पण यातून फक्त येणं समजतं, राहणं नाही. गोणपाटाचे पडदे लावून एका बराकीत अनेक कुटुंबं राहत होती. हातात चार पैसे आल्यावर निघून जाता आलं असतं. तरी बरेच जण राहिले, का?

माझ्या मते कारण आहे साख. घर, दुकान, जमीन मागे राहिली; तारण ठेवायला काही नाही. अनोळखी माणूस उधारीवर कापडाचा तागा कशाला देईल? देईल तो, जो तुमच्या वडिलांना शिकारपुरात किंवा हैदराबादेत ओळखत होता. शिकारपूरची हुंडी एकेकाळी मध्य आशियापर्यंत चालायची, तीही अशाच ओळखीवर. घरदार गेलं तरी नाव उरलं होतं. पण ते नाव ओळखणारे शेजारी असले तरच त्याला किंमत. मुलीचं स्थळ, भिशी, आजारपणातली मदत, सगळं त्याच ओळखीवर.

आता आपल्याकडे बघू. आपण गायकवाडांबरोबर आलो, राजाश्रयाने वाडे बांधले. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, राजाश्रय संपला. तरी आपण दांडिया बाजार, रावपुरा लगेच सोडला का? नाही. भटजी, मराठी शाळा, सोयरीक जुळवणाऱ्या काकू, उधार देणारा वाणी, सगळे तिथेच होते. फरक एवढाच, की आपण हौसेने आलो आणि ते जीव घेऊन.

सिंध डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. मंडळातल्या मित्रांना विनंती, वारसियात जाऊन त्यांना एवढंच विचारा: इथे आल्यावर पहिली उधारी कोणी दिली? त्या नावांतून वस्तीचा खरा नकाशा निघेल. तो सरकारी दप्तरात मिळायचा नाही.