दिवाण आणि ठिगळं

आमच्या दिवाणखान्यात जुना सागवानी दिवाण आहे. पाठीचा, आत काथ्या भरलेला. त्याचं कापड इतकं विरलं, की काथ्या टोचू लागला. मुलगा म्हणाला, "अब्बा, भंगारात देऊन टाका." कारागिरानं रेग्झिन सुचवलं. पत्नीनं मात्र ट्रंकेतून बोचकं काढलं. त्यात अम्मीची दोन लुगडी, अब्बांची चौकड्याची लुंगी, मुलांची झबली. "हेच तुकडे जोडून चढवू या," ती म्हणाली.

आपाला फोनवर सांगितलं, तर ती संतापली. "अम्मीच्या लुगड्यावर लोक बसणार?"

मी गप्प झालो. काम थांबवलं आणि विचार करत राहिलो.

'दिवाण' हा शब्दही अनेक तुकड्यांचाच. तो फारसीतून अरबीत गेला. सातव्या शतकात, खलिफा उमर यांच्या काळात, सैनिकांच्या वेतनाची नोंदवही म्हणजे दिवाण. पुढे वह्या ठेवण्याची कचेरी, कचेरीतला अधिकारी आणि तिथली भिंतीलगतची बैठक, सगळ्यांना तेच नाव पडलं. कवीचा संग्रहही दीवानच. वली औरंगाबादी यांचा दीवान १७२० मध्ये दिल्लीला पोहोचला आणि तिथले फारसीत लिहिणारे कवी उर्दूकडे वळले, असं उर्दू साहित्याचा इतिहास सांगतो. मराठीनं यातूनच दिवाणजी, दिवाणी दावा आणि दिवाणखाना घेतला.

ठिगळांचा इतिहास याहून जुना. मगधातली बांधांनी विभागलेली शेतं पाहून बुद्धांनी आनंदाला भिक्षूंची चीवरं तशीच, तुकडे जोडून करायला सांगितली, असं विनयपिटकात आहे. सूफी गुरू शिष्याला खिरका देत. त्याची ठिगळं म्हणजे मोह सुटल्याची खूण. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तिथून रानात पळालेल्या गुलामांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. शिवण कडेपासून सुरू होऊन मध्याकडे जाते. कोपऱ्यांवर घडीची छोटी त्रिकोणी ठिगळं लावतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, तिन्ही धर्मांचे सिद्दी ती पांघरतात.

आणि आपली वाकळ? ती तर घरोघरी होती. अम्मीनंच आमच्या दादीच्या लुगड्याची वाकळ शिवली होती. आपा आणि मी कितीतरी वर्षं तिच्यावर झोपलो. दादीचा अपमान झाला, असं कुणाच्या मनात आलं नाही.

मी आपाला पुन्हा फोन लावला. वाकळीची आठवण दिली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अम्मीचं कापड पाठीला लाव. बसायला अब्बांची लुंगी चालेल."

तसंच केलं. ईदला आपा आली. दिवाणावर बसली, हळूच पाठ टेकली आणि चहा निवून गेला तरी उठली नाही.