दट्ट्या, स्प्रिंग आणि परवाना : छर्‍याच्या बंदुकीची कुळकथा

शेंदूरजनाघाटच्या एखाद्या संत्र्याच्या बगीच्यात नवी कोरी एअर रायफल प्रथमच हाती घेणाऱ्या तरुणाला पहिल्या पंधरा मिनिटांत तीन गोष्टी बुचकळ्यात पाडतात. या बंदुकीत दारू नसते, तरी नळीच्या तोंडातून निळसर धूर निघतो आणि जळक्या तेलाचा वास येतो. धक्का मागे बसतो, आणि तो ओळखीचा होण्याआधीच बंदूक पुढे ओढ घेते. आणि दहा मीटरवर लावलेल्या कागदावर पाच छर्रे पाच दिशांना जातात. चौथा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही, पण खरा इतिहास त्याच्यातच आहे : ही वस्तू परवान्यावाचून विकत मिळालीच कशी?

हवेच्या दाबाने गोळी फेकण्याची कल्पना बरीच जुनी. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवाई रायफल स्वीकारली होती. तिचा दस्ता म्हणजे हवा भरलेला लोखंडी चंबू. तो भरायला हातपंपाचे हजाराहून अधिक झटके मारावे लागत. मग मात्र वीसेक गोळ्या एकामागून एक, धुराविना सुटत. १८०३ ते १८०६ या काळात अमेरिका खंड ओलांडणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीजवळही एक हवाई रायफल होती आणि वाटेतल्या मूळनिवासी टोळ्यांना ती मुद्दाम उडवून दाखविली जाई. पण हे चंबू गळत, सांधे निखळत, आणि दुरुस्ती जाणणारा माणूस रणांगणावर सापडत नसे. सैन्याने ती बंदूक सोडून दिली.

आपल्या तरुणाच्या हातातील बंदूक वेगळ्या कुळातली आहे. तिच्यात हवा साठविलेली नसतेच. प्रत्येक बाराला ती नव्याने दाबली जाते. नळी मोडून खाली ओढली की आतला दट्ट्या मागे सरकतो, जाड पोलादी स्प्रिंग आवळली जाते आणि दट्ट्या चापाच्या खाचेत अडकतो. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा छर्‍याला ढकलते. अमेरिकेत क्वेकनबुश यांनी १८७० च्या दशकात अशा बंदुकांचा व्यापार सुरू केला. पुढच्या दशकात मिशिगनमधील प्लिमथ गावच्या पवनचक्क्या बनविणाऱ्या कंपनीने पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला एक छोटी हवाई बंदूक भेट द्यायला आरंभ केला. लोकांना भेटच अधिक आवडली. पवनचक्क्या मागे पडल्या आणि कंपनीने बंदुकीचेच नाव धारण केले : डेझी. शेतकऱ्याला काय हवे आहे हे कारखानदाराला असे अपघातानेच कळते.

आता धुराकडे वळू. सायकलीचा पंप जोराने मारला की त्याचे बूड तापते, हे सर्वांना ठाऊक आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत तेच काम सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकते, म्हणून हवा कितीतरी अधिक तापते. नव्या बंदुकीत कारखान्याचे तेल आणि ग्रीस भरपूर असते. त्यातला थोडा अंश दट्ट्याच्या पुढे जातो आणि त्या उष्णतेने पेटतो. डिझेल इंजिनात इंधन ठिणगीविना जळते ते याच तत्त्वाने. इंग्लंडमधील कार्ड्यू पितापुत्रांनी बंदुकीभोवतीची हवा काढून तिथे नायट्रोजन भरला आणि छर्‍याचा वेग मोजला. ज्वलनाला प्राणवायूच मिळेना, तेव्हा वेग लक्षणीय उतरला. म्हणजे नीट चालणाऱ्या बंदुकीतही थोडेसे तेल जळतच असते. नवखा माणूस मात्र धूर पाहून घाबरतो आणि उपाय म्हणून आणखी तेल घालतो. याहून वाईट उपाय नाही : स्फोट वाढतो, आणि स्प्रिंग व वायसर दोन्ही लवकर निकामी होतात.

स्प्रिंगच्या बंदुकीला प्रतिष्ठा मिळाली ती बर्मिंगहॅममध्ये. १९०४ मध्ये लिंकन जेफ्रीज यांनी आपल्या हवाई रायफलीच्या रचनेचे पेटंट घेतले आणि १९०५ पासून बी.एस.ए. या शस्त्रनिर्मात्या कंपनीने ती बनवायला घेतली. काळ लक्षात घ्या. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपले होते, सैन्याच्या रायफलींची मागणी घटली होती आणि यंत्रे रिकामी पडू लागली होती. त्याच युद्धात बोअर शेतकऱ्यांच्या नेमबाजीने ब्रिटिश सैन्याची अब्रू गेली होती. म्हणून लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारखे सेनानी गावोगावी रायफल क्लब काढा असे सांगत होते, आणि मिडलँड्समधील दारूगुत्त्यांतून कामगार संध्याकाळी हवाई रायफलीने भोकामागची घंटा वाजविण्याच्या स्पर्धा खेळत होते. साम्राज्याला आपल्या प्रजेच्या हाती नेम हवा होता.

कोणत्या प्रजेच्या, हे विचारायला हवे. याच साम्राज्याने हिंदुस्थानात १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, शस्त्रास्त्र कायदा केला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला आणि त्याखालच्या नियमांनी युरोपियनांना मोकळीक दिली. वंशावर बेतलेला हा भेद १९२० च्या सुमारापर्यंत टिकला. आरंभीच्या काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केले. पुढे गांधीजींसारख्या अहिंसेच्या पुरस्कर्त्यानेही ब्रिटिश राज्याच्या काळ्या कृत्यांत त्याची गणना केली. वऱ्हाडची स्थिती तर अधिक चमत्कारिक. १८५३ च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला होता, पण सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे स्वतंत्र हुकमांनी लागू करावे लागत. परका राजा दोन पदरी असला तरी शेतकऱ्याच्या वाट्याला आलेली बंधने एकेरीच राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी पीक राखणाऱ्याच्या हाती मचाण, डफडे आणि गोफण उरली. बर्मिंगहॅमचा कामगार घंटा वाजवीत होता त्याच वर्षांतली ही गोष्ट आहे.

इतिहासाने पुढे एक विलक्षण फेरा घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर निःशस्त्र होण्याची पाळी जर्मनीवर आली. दोस्त राष्ट्रांनी तेथील बंदुकांचे कारखाने बंद केले. रास्टाट येथील प्रसिद्ध 'डायना' कारखान्याची यंत्रे स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेली. १९५० च्या सुमारास बंधने सैल होऊ लागली ती प्रथम हवाई बंदुकांपुरती. नेमबाजीचे वेड असलेल्या त्या देशाने सारी बुद्धी या 'खेळण्या'वर खर्च केली. दुहेरी धक्का घालविण्यासाठी कुर्ट गिस यांनी एकमेकांविरुद्ध दिशांना धावणारे दोन दट्टे योजले. फाइनवेर्कबाऊ कंपनीने बंदुकीचे यंत्र रुळांवर बसवावे तसे सरकते केले, म्हणजे धक्का खांद्यापर्यंत पोचतच नाही. १९६६ मध्ये वीसबाडेनच्या जागतिक स्पर्धेत दहा मीटर एअर रायफल हा प्रकार आला आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला तो ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. आज उच्च स्पर्धेत स्प्रिंग उरलेली नाही. तिची जागा दाबून साठविलेल्या हवेने घेतली आहे. जिरार्दोनीचा चंबू परत आला, फक्त आता तो गळत नाही.

साध्या स्प्रिंगच्या बंदुकीत तो दुहेरी धक्का अजून आहे. दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे जाते. दाबलेल्या हवेच्या गादीवर तो थबकतो तेव्हा पुढे ओढली जाते. आणि या ओढाताणीच्या काळात छर्रा नळीतच असतो. म्हणून बंदूक घट्ट आवळून धरणाऱ्याचे छर्रे विखुरतात, कारण प्रत्येक वेळी मुठीचा जोर वेगळा असतो. तोफ जशी आपल्या गाड्यावर मोकळेपणी मागे येते तशी ती तळहातावर नुसती टेकवावी आणि दर वेळी त्याच जागी टेकवावी. शिकविणाऱ्याला हे सांगायला एक मिनिट लागते, शिकणाऱ्याला महिना.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याने अग्निशस्त्राची व्याख्या करताना स्फोटकाबरोबर 'अन्य प्रकारची ऊर्जा'ही धरली. त्यामुळे छर्‍याची बंदूक मुळात कायद्याच्या कक्षेतच आहे. १९६२ मध्ये तिला सवलत देण्यात आली. त्याच कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचीही सोय ठेवली. २०१६ च्या नियमांनी सीमा स्पष्ट केली : व्यास ०.१७७ इंचापर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना नको. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २० ज्यूल घेऊन निघाला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर होतो. 'खेळणे' हा शब्द उच्चारण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

महाराष्ट्राने या सवलतीचे चीज केले. अंजली वेदपाठक, पुढच्या अंजली भागवत, यांनी रायफल हाती घेतल्यावर जेमतेम आठवड्याभरात १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, आणि २००० मध्ये सिडनीत दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. २०२२ मध्ये कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला. त्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. संत्र्याच्या बीपेक्षाही लहान.

बगीच्यात मात्र मोह वेगळा असतो. आंबिया बहाराच्या फळांवर राघूंचे थवे उतरतात, काळतोंडे वानर फांद्या मोडतात, पन्हेरीतल्या कलमांत रोही शिरतात. हे तिन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि त्या कायद्यातील 'शिकार' या शब्दात जखमी करणेही येते. नुकसान खरे आहे, त्यावरचा सरकारी इलाज तोकडा आहे, हेही खरे. पण बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून राघूवर नेम धरण्याचा परवाना मिळत नाही. शिवाय वानराला लागलेला छर्रा त्याला मारत नाही, आठवडाभर कुजवतो.

तेव्हा लक्ष्य कागदाचे, आणि त्यामागे रेतीने भरलेले पोते. दगडी बांध मागे नको, कारण शिशाचा छर्रा तेथून उलटतो. डोळ्यांवर चष्मा हवा. पहिल्या काही शेकडा छर्‍यांत जादा तेल जळून जाते, वायसर आपली जागा धरतो, धूर विरळ होत थांबतो. कागदावरची भोके जवळ येऊ लागतात ती साधारण त्यानंतर.