फलन घोषणेचे भाषांतर

फलन घोषणेचे भाषांतर म्हणजे एका संगणकीय भाषेतील फलनाची, अर्थात फंक्शनची, घोषणा दुसऱ्या संगणकीय भाषेच्या नियमांनुसार पुन्हा लिहिणे होय. एका भाषेत तयार असलेली लायब्ररी दुसऱ्या भाषेतील आज्ञावलीतून वापरता यावी, हा त्यामागील हेतू असतो. या प्रक्रियेत फलनाच्या आतील कार्याचे भाषांतर होत नाही. ते मूळ भाषेतून संकलित झालेल्या यंत्रसंकेतात तसेच राहते. भाषांतर होते ते फलनाचे नाव, त्याचे प्राचल आणि परतमूल्य यांच्या वर्णनाचे. मूळ भाषा बहुधा सी असते, कारण युनिक्स व विंडोज या प्रणालींच्या सेवा आणि असंख्य लायब्ऱ्या सी भाषेतील घोषणांच्या रूपाने उपलब्ध आहेत.

पार्श्वभूमी

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी सी भाषा विकसित केली. आरंभीच्या सी भाषेतील घोषणेत परतमूल्याचा प्रकार तेवढा नोंदवला जाई; प्राचलांची संख्या व प्रकार त्यात नसत. परिणामी चुकीचे प्राचल दिले तरी संकलक हरकत घेत नसे. १९८९ च्या अमेरिकी मानकाने प्राचलांच्या प्रकारांसह पूर्ण घोषणा सी भाषेत आणली. ही पद्धत सी प्लस प्लस या भाषेवरून घेण्यात आली होती.

यामुळे एकाच भाषेत लिहिताना सुरक्षितता वाढली. फलन लिहिणारा व वापरणारा एकच हेडर फाइल जोडतात आणि संकलक दोन्ही बाजू तपासतो. भाषांतरित घोषणेला मात्र हे संरक्षण मिळत नाही. नव्या भाषेचा संकलक तिच्यावर विश्वास ठेवतो, तर लिंकर सी भाषेतील फलनांच्या बाबतीत केवळ नाव जुळते की नाही एवढेच पाहतो. चुकीची घोषणाही त्यामुळे निर्वेध संकलित होते आणि दोष आज्ञावली चालू असताना, पुष्कळदा भलत्याच ठिकाणी, प्रकट होतो.

भाषांतरात जुळवावयाच्या बाबी

प्रकारांचा आकार : नावे सारखी असली तरी आकार सारखा असेलच असे नाही. सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटी लिनक्सवर ८ बाइटांचा, तर ६४ बिटी विंडोजवर ४ बाइटांचा असतो. व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत ‘इंटिजर’ १६ बिटांचा व ‘लाँग’ ३२ बिटांचा होता. डॉट नेट आवृत्तीत ते अनुक्रमे ३२ व ६४ बिटांचे झाले. जुन्या घोषणा नव्या आवृत्तीत जशाच्या तशा उतरवल्यास त्या म्हणूनच चुकीच्या ठरतात.

पाचारण-संकेत : प्राचल कोणत्या क्रमाने व कोठे ठेवायचे आणि काम झाल्यावर स्टॅक कोणी मोकळा करायचा, याचे नियम. ३२ बिटी विंडोजवर सी भाषेच्या नेहमीच्या संकेतात स्टॅक मोकळा करण्याची जबाबदारी पाचारण करणाऱ्याची असते, तर विंडोजच्या बहुतेक सेवांच्या ‘स्टँडर्ड कॉल’ संकेतात ती पाचारित फलनाची असते. घोषणेत चुकीचा संकेत लिहिल्यास स्टॅकचा हिशेब बिघडतो.

मूल्य की पत्ता : सी भाषेत प्राचलाच्या मूल्याची प्रत दिली जाते, फोर्ट्रानमध्ये सामान्यतः प्राचलाचा पत्ता दिला जातो. फोर्ट्रानच्या २००३ च्या मानकाने सी भाषेशी जुळणारे प्रकार आणि मूल्य देण्याची सोय अधिकृतपणे उपलब्ध करून दिली.

अलिखित करार : सी भाषेतील ‘कॅरेक्टर पॉइंटर’ हा एका अक्षरचिन्हाचा पत्ता, शून्याने संपणारी अक्षरमालिका किंवा उत्तर लिहिण्यासाठी दिलेली रिकामी जागा, यांपैकी काहीही असू शकतो. परत मिळालेली स्मृती कोणी मुक्त करायची, हेही घोषणेतून कळत नाही. हा अर्थ दस्तऐवज वाचूनच ठरवावा लागतो.

उदाहरण

सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील ‘स्ट्रलेन’ हे फलन अक्षरमालिकेचा पत्ता घेते व तिची लांबी ‘साइझ-टी’ या चिन्हरहित पूर्णांकात परत करते. रस्ट भाषेत त्याची घोषणा करताना प्राचल ‘अपरिवर्तनीय सी-अक्षरचिन्हाचा पॉइंटर’ आणि परतमूल्य ‘यूसाइझ’ असे लिहितात. पायथनच्या ‘सीटाइप्स’ या विभागात प्राचलांचे व परतमूल्याचे प्रकार स्वतंत्रपणे नेमून द्यावे लागतात.

प्रकार अचूक उतरले तरी अर्थ उतरतोच असे नाही. ‘स्ट्रलेन’ अक्षरे नव्हे, तर बाइट मोजते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह ३ बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात, युनिकोड चिन्हे पाच असतात आणि ‘स्ट्रलेन’ मात्र १५ हे उत्तर देते. पायथनचे स्वतःचे लांबी मोजणारे फलन त्याच शब्दासाठी ५ हे उत्तर देते.

सामान्य दोष

‘सीटाइप्स’मध्ये परतमूल्याचा प्रकार न सांगितल्यास ते सी भाषेतील ‘इंट’ मानले जाते. फलन प्रत्यक्षात पत्ता परत करत असेल, तर ६४ बिटी यंत्रावर त्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. ३२ बिटी यंत्रावर हीच आज्ञावली बिनचूक चालते. म्हणून असा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

स्वयंचलित साधने

फ्री पास्कलसोबत मिळणारे ‘एच-टू-पास’ हे साधन सी भाषेच्या हेडर फाइलवरून पास्कलमधील घोषणा तयार करते. रस्टसाठी ‘बाइंडजेन’, तर अनेक भाषांसाठी ‘स्विग’ ही साधने वापरली जातात. आकार व क्रम यांतील मानवी चुका त्यांमुळे पुष्कळ कमी होतात. मॅक्रो संकलनापूर्वीच विस्तारले जात असल्याने त्यांना लायब्ररीत नाव उरत नाही. फलनासारखे वापरले जाणारे मॅक्रो त्यामुळे बहुधा हाताने पुन्हा लिहावे लागतात. स्मृतीची मालकी आणि पॉइंटरचा अभिप्रेत अर्थही ही साधने केवळ हेडर फाइलवरून ठरवू शकत नाहीत. रस्टमध्ये अशी परकीय फलने पाचारताना ती ‘अनसेफ’ म्हणून चिन्हांकित करावी लागतात, कारण घोषणेच्या खरेपणाची हमी संकलक देऊ शकत नाही. ती जबाबदारी घोषणा लिहिणाऱ्याची राहते.