कारवीचा कूड आणि १८७८ चा कायदा

१/ पेण-रोह्याच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांचे घर मुक्कामापुरते असे. भिंतींना कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप. मेढींना मात्र ऐन, खैर अशी टणक लाकडे.

२/ ही निवड जाणतेपणाची होती. कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. मग तिच्या वाळलेल्या, हलक्या काठ्या हाती येतात. खैराच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. याच खैराचा कात काढणारे ते कातकरी.

३/ १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात विनापरवाना वृक्षतोड गुन्हा ठरली. लाकडाचा पारखी लाकूडचोर झाला! वनहक्कांना कायद्याची मान्यता मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. कुडाच्या झोपडीत म्हणूनच केवळ दारिद्र्य पाहू नये. तिथे हिरावलेले ज्ञानही उभे आहे.