बांधकाम कामगार : लातूर व नांदेड

या दोन जिल्ह्यांतील गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले व सळई बांधणारे मजूर. बहुतेकांचे काम मुकादमाच्या हाताखाली, रोजंदारीवर. कारागिरी थोरल्या गवंड्याजवळ राबूनच अंगी येते.

रीतसर प्रशिक्षण आले ते भूकंपामागून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. जुनी दगडी भिंत म्हणजे आतला व बाहेरचा असे दोन थर आणि मध्ये माती-कपऱ्यांची भर. हादऱ्याने थर सुटले, वरचे मातीचे जड माळवद कोसळले. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसली. दोन्ही थर सांधणारे आरपार दगड, कोपऱ्यांची पकड, दारांवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा या गोष्टी गवंड्यांना शिकवल्या गेल्या. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावच्या संवाद सहायक स्त्रियांनी घरमालकांनाही त्या समजावल्या. भर होता तो घर पडू नये यावर. परांचीवरून माणूस पडू नये, हा विषय पुढे कायद्याच्या वाटेने आला.

१९९६ च्या केंद्रीय कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर बसवून कल्याण मंडळांची तरतूद केली. महाराष्ट्रात हा उपकर एक टक्का आहे. राज्याचे नियम २००७ चे, त्रिपक्षीय मंडळ १ मे २०११ चे. शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्यासाठी नांदेडात रस्ते, पूल, यात्री निवास उभे राहिले ते २००८ पर्यंत, म्हणजे या त्रिपक्षीय मंडळाआधीच. शिवाय १९९६ च्या कायद्यात सुरक्षा समितीची सक्ती होती ती ५०० कामगारांपासून पुढे. वीस-पंचवीस जणांच्या साईटला ती लागूच होत नव्हती, आणि इथल्या साईट बहुधा तेवढ्याच असतात.

मालक कायमचा नसल्याने संपाचे हत्यार इथे बोथट. म्हणून सीटू, आयटक या कामगार महासंघांशी संलग्न संघटनांचा राज्यभरचा बराचसा झगडा मंडळाशीच चालतो : नोंदणी, मुलांची शिष्यवृत्ती, अपघाती मृत्यूनंतरचे अर्थसाहाय्य. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दाखला ठेकेदाराने, नाहीतर ग्रामपंचायतीने वा पालिकेने द्यायचा. रोज नाक्यावर नवा ठेकेदार गाठणाऱ्याला तो मिळवणे जड जाते. बोगस नोंदणीच्या तक्रारी मात्र राज्यभर होत आल्या आहेत. पुणे-हैदराबादेकडे कामाला गेलेल्यांचे दिवस गावाकडे कोणी मोजायचे, हा आणखी एक तिढा.