मूकपटकालीन प्रणयप्रधान गुन्हेविनोदपट

प्रेमकथेला चोरी, खोटा आळ वा पोलिसांचा पाठलाग यांची जोड देऊन विनोदनिर्मिती साधणारा मूकपटांचा एक प्रकार. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो विशेष भरास आला. त्याची पूर्वपीठिका मॅक सेनेट यांच्या कीस्टोन या संस्थेने १९१२ पासून काढलेल्या, गोंधळ्या पोलिसांवरील लघुपटांत आढळते. तेथे पाठलाग हेच साध्य होते. पुढे बस्टर कीटन (१८९५–१९६६) व चार्ली चॅप्लिन (१८८९–१९७७) यांनी त्याला प्रेमकथेचे अधिष्ठान दिले.

या चित्रपटांतील नायक बहुधा निरपराध असतो. तथापि परिस्थितीमुळे तो गुन्हेगार ठरतो. अक्षरपट्ट्यांवरील मोजके शब्द सोडल्यास त्याला आपली बाजू मांडता येत नाही, तो केवळ धावू शकतो. मूकपटाची ही उणीवच येथे कथेचे बळ ठरते.

कीटनच्या *शेरलॉक ज्युनियर* (१९२४) या चित्रपटात प्रतिस्पर्धी प्रेयसीच्या वडिलांचे घड्याळ चोरून गहाण टाकतो व गहाणपावती नायकाच्या खिशात सरकवतो. चित्रपटगृहात प्रक्षेपणयंत्र चालविणारा हा नायक स्वप्नात पडद्यावरील चित्रपटात शिरून कुशल गुप्तहेर बनतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्या हातून काहीच उलगडत नाही. गहाणवटीच्या दुकानात चौकशी करून त्याचे निर्दोषत्व प्रेयसीच शोधून काढते. न्यायालयाच्या निर्णयाहून प्रिय व्यक्तीचा विश्वास मोलाचा, हे या प्रकाराचे मर्म होय.

तो विश्वास न लाभल्यास विनोदाला करुणेची किनार येते. कीटनच्याच *कॉप्स* (१९२२) या लघुपटात शहरभरच्या पोलिसांना चकविणारा नायक, प्रेयसीने पाठ फिरविताच आपण होऊन त्यांच्या हाती सापडतो. चॅप्लिनच्या *द सर्कस* (१९२८) मध्ये खिसेकापू समजला गेलेला भटक्या पळता पळता सर्कशीच्या रिंगणात शिरतो. त्याची जिवाच्या आकांताने चाललेली धावपळ प्रेक्षकांना खेळच वाटते व ते हसू लागतात. अखेरीस तो प्रेयसीचा विवाह दुसऱ्याशी लावून देतो.

या चित्रपटांच्या टिकाऊ आकर्षणाचे दुसरे कारण त्यांतील कसरतींचा खरेपणा हे होय. *शेरलॉक ज्युनियर*च्या चित्रीकरणात आगगाडीच्या टपावरून उतरताना पाण्याच्या नळाचा प्रचंड लोंढा कीटनच्या अंगावर कोसळला. त्यात त्याच्या मानेचे हाड मोडले होते, हे अनेक वर्षांनी वैद्यकीय तपासणीत उघड झाले. तो प्रसंग चित्रपटात तसाच आहे.

१९२७ नंतर बोलपटांचा प्रसार झाला व नायकाला आपले निरपराधित्व शब्दांत सांगता येऊ लागले. साहजिकच या प्रकाराचे मूळ रूप मागे पडले. अमेरिकेतील सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्णपणे शिल्लक असल्याचे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ मधील अहवालात नमूद आहे. *शेरलॉक ज्युनियर*चा १९९१ मध्ये व *कॉप्स*चा १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत समावेश करण्यात आला.